आचलचं अर्थशास्त्र आणि माझी पद्धत

५ मे, संध्याकाळ

बारावीचा निकाल लागला. अकोल्याहून जानरावचा फोन. माझा धाकटा भाऊ. वीज कंपनीत आहे आणि फोनवर खांबावर चढल्यासारखा ओरडतो. त्याची आचल अर्थशास्त्रात गेली. शंभरात सत्तावीस. बाकी विषय सुटले. कसे, ते बोर्डाला माहीत.

पोरगी दुपारपासून जेवली नाही, म्हणाला. मी म्हटलं, सत्तावीस मार्कांवर जेवढं पचेल तेवढंच जेवावं. पलीकडे शांतता. माझ्या विनोदाला अकोल्यात कधीच न्याय मिळालेला नाही.

प्रकरण गंभीर आहे. आचल आठशे मीटर धावते. इथल्या, अमरावतीच्या, शारीरिक शिक्षणाच्या एका कॉलेजने तिला मैदानी चाचणीत निवडलंय. जागा राखून ठेवली आहे, पण ३१ जुलैपर्यंत बारावी पासचा कागद हातात पडला तरच. म्हणजे जुलैतल्या पुरवणी परीक्षेत अर्थशास्त्र सुटलंच पाहिजे. पस्तीस लागतात. नाहीतर जागा यादीतल्या पुढच्या मुलीची. जानराव म्हणाला, ताई, ते जागा गेली तं पोरगी खचून जाईन.

मी म्हटलं, माझ्याकडे पाठव.


८ मे

ठरलं. दोन महिने माझ्याकडे. जानराव आधी म्हणत होता, ट्यूशन लावून देतो न इथंच, तू काहून तरास घेतं. मी म्हटलं, त्रास मला होणार नाही. तेव्हा तो आणखी गप्प झाला. भारावला असावा.

अर्थशास्त्र मी कधी शिकले नाही. त्याने काही बिघडत नाही. कॉन्व्हेंटमध्ये सिस्टर बर्नाडेट यांनी आम्हाला विषय शिकवले नाहीत, शिस्त शिकवली. त्या शिस्तीवर मी चौतीस वर्षं टेलिफोन एक्स्चेंजमध्ये काढली. माझा आवाज ऐकून निम्मी अमरावती घरातल्या घरात सरळ बसायची. इंग्रजीत सही करणारं एकही स्थळ आलं नाही, म्हणून लग्न केलं नाही. तेव्हा वेळही भरपूर आहे.

संकल्प: आचलला पंच्याहत्तर मिळवून देणे. पासापुरतं शिकवणं ट्यूशनवाल्यांनी करावं.


११ मे

आचल आली. बडनेऱ्याला उतरून ऑटोने. मी घ्यायला जाणार होते, पण ऊन फार. बॅगेतून आधी धावायचे बूट काढले, मग कपडे, मग सगळ्यात खालून अर्थशास्त्राचं पुस्तक. सत्तावीस मार्कांचं स्पष्टीकरण या क्रमातच आहे.

उंच, हाडकुळी, खुर्चीत बसली तरी उठून पळेल अशी. पाया पडली. म्हणाली, आत्या, मले सगळं समजते, पण पेपर समोर आला का मी घाबरून जातो अन् लिहिणं होत नाही. मी म्हटलं, 'मले' समजत असेल, 'मला' समजतं का ते बघू.

हसली नाही. लहानपणी माझ्या विनोदांना हसायची. सध्याच्या शाळांत विनोदबुद्धीवर काही कामच होत नाही.


१२ मे

वेळापत्रक सुरू.


१५ मे

वेळापत्रक पूर्ण. तीन दिवस गेले, पण सात रंगांचं असं वेळापत्रक अख्ख्या अमरावती विभागात नसेल. दहा प्रकरणं, चोपन्न दिवस. प्रत्येकाला पाच दिवस देऊन वर चार उरतात. ते चार दिवस काय करायचं हा प्रश्नच आहे.

पहाटे पाच ते साडेसहा या चौकोनात आचलने 'धावणं' लिहा म्हणून विनंती केली. मी 'व्याख्या' लिहिलं. मेंदूला लागणारं रक्त पायात जाऊन काय उपयोग? दोन महिने धावणं बंद. बूट माळ्यावर.


१६ मे

पहिला दिवस. कूलर बंद पडला. पंचेचाळीस डिग्रीत अर्थशास्त्र ही कल्पनाच अमानुष. सगळं एक दिवस पुढे.


१९ मे

कूलर दुरुस्त. तीन दिवस पुढे, म्हणजे उरलेल्या चार दिवसांचा प्रश्न बराचसा सुटला.

आचलचं मराठी पुस्तक बाजूला ठेवलं. जुन्या पुस्तकांच्या दुकानातून इंग्रजी माध्यमाचं आणलं. ती म्हणाली, पण पेपर तं मराठीतच लिहावा लागते न, आत्या. बारीकसारीक शंका. माझी पद्धत सांगितली: आधी इंग्रजीत समजून घ्यायचं, मग इंग्रजीत पाठ करायचं, मग त्याचं मराठी करायचं. एकाच गोष्टीला तिप्पट वेळ लागतो, म्हणजे तिप्पट अभ्यास होतो. हे गणित बोर्डाच्या कमिटीलाही सुचलेलं नाही.


२३ मे

दुसरं प्रकरण. पहिलं नुसती प्रस्तावना निघाली, त्यात चार दिवस वाया.

घटत्या सीमान्त उपयोगितेचा सिद्धान्त. एकच वस्तू लागोपाठ खात गेलं की पुढच्या प्रत्येक नगातून मिळणारं समाधान कमी होतं. पुस्तकात सफरचंदाचं उदाहरण. आचल मध्येच उजळली. म्हणाली, मंजे आत्या, पहिला गिलावडा लय भारी लागते, दुसरा बरा, अन् चवथा खाल्ला का नुसतं मळमळून राहते, तसंच न?

अंगावर काटा आला. बोर्डाच्या पेपरात हातगाडीवरचा गिलावडा! मी म्हटलं, सफरचंद. संपूर्ण उत्तर दहा वेळा लिहायला लावलं. पहिल्यांदा अक्षर सुरेख होतं. चौथ्यांदा बरं. आठव्यांदा तिने 'सफचंद' लिहिलं आणि दहाव्यांदा डोकं टेबलावर ठेवलं. एकच गोष्ट वारंवार केली की हिला कंटाळा का येतो ते कळत नाही. सिद्धान्त डोक्यात शिरलेला नाही, हे उघड आहे.


२७ मे

नवीन नियम. एका 'मले'ला, एका 'तुले'ला किंवा एका 'काहून'ला एक व्याख्या पाच वेळा लिहायची. सकाळी साडेदहापर्यंतच तिचा उरलेला दिवस भरला.

जानरावचा फोन. अभ्यास कसा चालून राहिला, म्हणाला. त्याच्याही व्याख्या मोजल्या. सहा झाल्या.


३० मे

आचल आता बोलतच नाही. मोठी प्रगती.


२ जून

आज रंगेहाथ पकडलं. पुस्तक मिटून, डोळे मिटून, ओठ हलवत बसली होती. विचारलं, हे काय? म्हणाली, वाचलेलं आठवून पाहते. जे आठवत नाही तेवढंच परत वाचते. अकोल्याच्या सरांनी सांगितलं होतं म्हणे.

पुस्तक मिटायचंच होतं तर विकत कशाला घेतलं? मी तिच्या हातात पिवळा हायलायटर दिला आणि महत्त्वाच्या ओळी रंगवायला बसवलं. अर्थशास्त्रात सगळंच महत्त्वाचं निघतं. संध्याकाळपर्यंत दीड प्रकरण पिवळं. पुस्तक उघडलं की अंगणात ऊन पडल्यासारखं प्रसन्न वाटतं. हायलायटर संपला. उद्या आणायला हवा, म्हणून उद्या सुट्टी.


७ जून

माझ्या वरच्या मजल्यावर प्रियदर्शनी राहते. भाडेकरू. एका ज्युनिअर कॉलेजात अकरा वर्षं अर्थशास्त्र शिकवते, बोर्डाचे पेपरही तपासते. नम्र आहे, पण शिकवते मराठीतून, त्यामुळे मी तिच्याशी या विषयावर कधी बोलले नाही.

दुपारी डोळा लागला. उठले तर आचल घरात नाही. वर सापडली. दोघी जमिनीवर पसरून मागच्या वर्षांचे पेपर सोडवत होत्या. घड्याळ लावून. शिवाय हसत होत्या. आचल गिलावड्याचं काहीतरी सांगत होती आणि प्रियदर्शनी म्हणत होती, लिही न मग तसंच, कोण मना करते तुले?

मी जिन्यातूनच विचारलं, झालेली परीक्षा पुन्हा देऊन बोर्ड मार्क वाढवणार आहे का? प्रियदर्शनी उठून उभी राहिली. म्हणाली, मॅडम, हिला येतं सगळं. फक्त भीती घालवायला हवी. रोज एक पेपर सोडवू द्या. मी म्हटलं, भीती गेली तर उरेल काय?

आचलचं वर जाणं बंद. जिन्याच्या दाराला कडी.


१४ जून

वेळापत्रकाप्रमाणे आज सहावं प्रकरण हवं. आपण तिसऱ्यात आहोत. दोष वेळापत्रकाचा नाही, दिवसांचा आहे. जून महिन्यात दम नाही.

काटछाट करावी लागेल. सहावं प्रकरण उघडलं. 'निर्देशांक'. निर्देशांक म्हणजे इंडेक्स. तो पुस्तकाच्या शेवटी असतो, यांनी मध्ये छापला. इंग्रजी पुस्तकातही तोच घोटाळा: 'इंडेक्स नंबर्स', म्हणजे पानांचे नंबर. पानांच्या नंबरांवर परीक्षेत कोणी प्रश्न विचारत नाही. पूर्ण प्रकरण रद्द. एका झटक्यात पाच दिवस वाचले.

आचल आठवडाभरात पहिल्यांदा आपणहून बोलली. म्हणाली, आत्या, ते भाव किती वाढले ते काढायचं गणित असतं. हमखास येतं. सोपं असतं. मी म्हटलं, भाव किती वाढले ते मला भाजीबाजारात कळतं, त्याला गणित लागत नाही.

तिने पान उलटलं. हळूच उलटलं, त्यामुळे शिक्षा केली नाही.


२० जून

आज मोठा शोध लागला. नोंद सविस्तर करते.

पेपरात चौथा प्रश्न असतो: खालील विधानांशी आपण सहमत आहात की असहमत, ते सकारण सांगा. कोणतीही तीन, प्रत्येकी चार गुण. म्हणजे बारा. आचल प्रत्येक विधान वाचून विचार करत बसते. पाच-पाच मिनिटं. विचारलं तर म्हणाली, यातली अर्धी विधानं चुकीची असतात, आत्या. मुद्दाम.

मी तो कागद हातात घेतला. वर राज्य मंडळाचं नाव छापलेलं. सरकारी मंडळ मुद्दाम खोटं छापून लाखो मुलांना वाचायला देईल? आणि दिलं, तरी त्याला तोंडावर 'असहमत' म्हणणं हे कुठलं वळण? आमच्याकडे छापलेल्या ओळीला उलट उत्तर देणाऱ्या मुलीला सिस्टर बर्नाडेट वर्गाबाहेर उभं करायच्या. मी आयुष्यात कोणत्याही छापील फॉर्मशी वाद घातलेला नाही.

तेव्हा नियम: प्रत्येक विधानाशी सहमत. वाचण्याचीही गरज नाही. पंधरा मिनिटांची बचत, बारा गुण खिशात.

आचल म्हणाली, अन् मिठाची मागणी लवचिक असते असं दिलं तं? भाव वाढला म्हणून मीठ खाणं कोणी कमी करते का? मी म्हटलं, तू मंडळापेक्षा शहाणी आहेस? म्हणाली, नाही. मी म्हटलं, मग? म्हणाली, सहमत.

वहीत शंभर वेळा 'सहमत' लिहून घेतलं. अक्षर सुधारतंय.


२७ जून

माझी सराव परीक्षा. पेपर मीच काढला, मीच तपासला. समास सरळ: दहा. शीर्षकं अधोरेखित: दहा. खाडाखोड एका रेघेत: दहा. हे मी तिला मुद्दाम शिकवलंय. चुकलं की गिरवून काळं करायचं नाही. पट्टी लावून एकच बारीक सरळ रेघ. बघणाऱ्याला चुकीतही संस्कार दिसले पाहिजेत.

एकूण अठ्ठ्याहत्तर. जानरावला फोन करून सांगितलं. तो फोनवर रडला. म्हणाला, ताई, तुये उपकार कसे फेडू. मी म्हटलं, व्याकरणाने.


४ जुलै

एकूण साडेचार प्रकरणं झाली. त्यातली अडीच पिवळी. आता नवीन काही नाही. निवडक अभ्यास हाच खरा अभ्यास.

आचल रात्रीची नीट झोपत नाही असं दिसतं. सकाळी डोळे सुजलेले. वजनही उतरलंय. धावपटूला हलकं असलेलं बरं.


९ जुलै, अकोला

पेपर. मीही कालच तिच्यासोबत आले. केंद्राच्या गेटवर शेवटची उजळणी घेतली. हाताला घाम, पेन निसटत होता. मी म्हटलं, बाकी सगळं विसरलीस तरी चालेल, चौथा प्रश्न काय? म्हणाली, सहमत. आसपासच्या मुलींनी वळून पाहिलं. एकीने दुसरीला कोपर मारलं.

तीन तासांनी बाहेर आली. विचारलं, कसा गेला? म्हणाली, झाला. विचारलं, चौथा? म्हणाली, तुमी सांगितलं तसंच लिहिलं.

मागे दोन मुली हसत चालल्या होत्या. पेपर तं हलवाच होता न वं, असं एक म्हणत होती. पेपरला हसणाऱ्या मुली नापास होतात. लिहून ठेवते.


२९ जुलै

पंचवीस.


२९ जुलै, संध्याकाळ

मार्चमध्ये सत्तावीस होते. आता पंचवीस. तीनदा बघितलं. सीट नंबर बरोबर आहे.

माझ्या अठ्ठ्याहत्तरचे पंचवीस कोणी केले?

जानराव ओरडला नाही. अगदी हळू बोलला. तेवढ्या हळू तो बोलू शकतो हे मला माहीत नव्हतं. म्हणाला, पोरगी पलंगावर पडून हाय, भिंतीकडं तोंड करून. मी म्हटलं, तिला फोन दे. म्हणाला, नाही घेत.


३१ जुलै

स्वतः त्या कॉलेजात गेले. ऑफिसात देवीदास नावाचा क्लार्क. त्याच्याशी इंग्रजीतून बोलले. त्याने पूर्ण ऐकून घेतलं आणि म्हणाला, मॅडम, पोरीले आमी धावतानी पाह्यलं हाय. आमाले बी वाईट वाटून राह्यलं. पण कागद नाही तं जागा नाही.

यादीतली पुढची मुलगी तिथेच उभी होती. खुशी. वडील, पेढ्यांचा डबा, सगळा परिवार. मी कोणाची आत्या ते कळल्यावर ती पुढे आली आणि सॉरी मॅडम म्हणाली. आचल माझ्यापेक्षा तीन सेकंद फास्ट हाय, म्हणाली. पेढा पुढे केला.

घेतला. नाही कसं म्हणणार?


२ ऑगस्ट

दोन दिवस विचार केला. निष्कर्ष: तपासणाऱ्याने माझ्या विद्यार्थिनीवर अन्याय केला आहे. इतकं नेटकं अक्षर पाहून त्याला न्यूनगंड आला असणार. मराठी माध्यमाचा असेल.

उत्तरपत्रिकेची झेरॉक्स बोर्डाकडून मागवता येते. जानरावला अर्ज करायला लावला. तो म्हणाला, जाऊ दे न ताई, काहून पुन्हा पुन्हा जखमेले हात लावून राह्यली. मी म्हटलं, अन्याय सहन करणं आमच्या शाळेत शिकवलं नाही. प्रत आली की पत्रकारांना बोलावणार. भाषणाचे मुद्दे काढून ठेवले.


१९ ऑगस्ट

प्रत ईमेलवर आली. जानरावने मला पाठवली. प्रिंटर प्रियदर्शनीकडे आहे. जिन्याची कडी काढावी लागली.

ती छापत गेली, मी वाचत गेले. उपयोगितेच्या उत्तरात 'सफरचंद' हा शब्द अकरा वेळा, बाकी अर्धी वाक्यं इंग्रजी. गुण एक. निर्देशांकाचं गणित होतं. ते तिने सोडवलं होतं, मी रद्द केलेलं असताना. सहापैकी सहा. पूर्ण पेपरात तेवढेच पूर्ण गुण. मी म्हटलं, बघा, न शिकवता एवढं येतं तर शिकवल्यावर किती यायला हवं होतं. प्रियदर्शनीने पुढचं पान छापलं.

मग चौथा प्रश्न.

केवळ इच्छा म्हणजेच मागणी होय. सहमत. शून्य.
मिठाची मागणी लवचिक असते. सहमत. शून्य.
मक्तेदारीत अनेक विक्रेते असतात. सहमत. शून्य.

प्रियदर्शनीने कागद खिडकीच्या उजेडात धरला. प्रत्येक 'सहमत'च्या वर आधी 'असहमत' लिहिलेलं होतं. तीनही ठिकाणी. त्याखाली कारणही. नुसती इच्छा असून भागत नाही, ऐपत आणि खर्च करायची तयारी लागते, तेव्हा ती मागणी. मीठ गरजेचं आहे, भाव वाढला तरी मागणी फारशी कमी होत नाही. मक्तेदारी म्हणजे विक्रेता एकच. मग या सगळ्यावर पट्टी लावून एक बारीक सरळ रेघ. अक्षर अन् अक्षर वाचता येत होतं.

मी विचारलं, खोडलेलं बरोबर होतं का? प्रियदर्शनी म्हणाली, हो मॅडम. विचारलं, तिन्ही? म्हणाली, तिन्ही. तुम्ही तपासला असता तर किती दिले असते? म्हणाली, खोडलेलं तपासता येत नाही. मी म्हटलं, खोडलं नसतं तर? तिने कागद खाली ठेवला. म्हणाली, बारा.

पंचवीस आणि बारा.

तिने पाणी आणून दिलं. मी मागितलं नव्हतं.


२१ ऑगस्ट

परीक्षा हॉलमध्ये विद्यार्थिनीने स्वतःची बुद्धी वापरायची असते. तिथे मी बसले नव्हते. रेघ मी मारली नाही.

वरची तीन वाक्यं चारदा वाचली. व्याकरण बरोबर आहे.


७ सप्टेंबर

पत्रकारांना बोलावलं नाही. ते सध्या सणासुदीत असतील.


१२ ऑक्टोबर

जानरावला म्हटलं, दिवाळीनंतर आचलला पाठव. फेब्रुवारीच्या परीक्षेला भरपूर वेळ आहे. पद्धतीत थोडे बदल करेन. तो म्हणाला, नाही ताई. मी म्हटलं, तिला विचार तर खरं. म्हणाला, तिलेच इचारून सांगून राह्यलो.

पहाटे मैदानावर जाते म्हणे आता. एप्रिलमध्ये पुन्हा कॉलेजची मैदानी चाचणी आहे. ती पुन्हा देणार. पण त्याआधी हा पेपर.


९ नोव्हेंबर, रविवार

वरच्या मजल्यावरून प्रियदर्शनीचा आवाज. फोनवर बोलत होती. स्पीकर चालू. म्हणाली, बरं सांग, आता चवथ्या गिलावड्याचं काय होते? पलीकडून कोणीतरी खळखळून हसलं.

हा आवाज माझ्या घरात दोन महिने होता आणि मी तो ओळखायला एवढा वेळ लावला.

जिना झाडायला हवा होता. झाडला.


१६ नोव्हेंबर, रविवार

जिना पुन्हा झाडला. आज निर्देशांक होता. निर्देशांक म्हणजे पानांचे नंबर नव्हेत. एका वर्षाचे भाव शंभर धरायचे आणि दुसऱ्या वर्षाचे त्याच्याशी ताडून पाहायचे. अगदी सोपं आहे. हे मला कोणी आधी सांगितलं असतं तर.


७ डिसेंबर, रविवार

जिन्याच्या सातव्या पायरीवरून सगळ्यात स्पष्ट ऐकू येतं. गेल्या रविवारी उशी नेली. प्रियदर्शनी खाली येत होती. उशीकडे बघितलं, ओलांडून गेली. आजपासून तिने दार उघडं ठेवायला सुरुवात केली आहे. हवेसाठी असेल.


१७ फेब्रुवारी, अकोला, परीक्षा केंद्राबाहेर

कोणी बोलावलं नव्हतं. सकाळच्या गाडीने बडनेऱ्याहून आले. पर्समध्ये शेवटच्या क्षणी सांगायच्या मुद्द्यांचा कागद. सोळा मुद्दे. या वेळी सगळे बरोबर आहेत, प्रियदर्शनीच्या तोंडून ऐकलेले.

आचल शाळेच्या पायऱ्यांवर बसली होती. हाडकुळे दंड आता भरलेत. मला बघून उठली, पाया पडली. जानराव गेटपाशी होता, तो मात्र दचकला. मी पर्स उघडली, कागद काढला, चष्मा लावला.

तेव्हा ती म्हणाली, आत्या, घंटी व्हाले वीस मिनिटं हायेत. तेवढे वीस मिनिटं मायासंग काईच बोलू नका.

आवाज चढवला नाही. नजर खाली केली नाही. उत्तराची वाटही पाहिली नाही. पुन्हा पायरीवर जाऊन बसली, माझ्याकडे पाठ करून.

त्या वाक्यात तीन-चार ठिकाणी दुरुस्ती करता आली असती.

झाडाखालच्या बाकावर बसले. मुद्दा नऊ फार महत्त्वाचा होता. मुद्दा बारा तर हमखास. कागदाची घडी घातली, उघडली, पुन्हा घातली. तिच्या पाठीकडे बघत बसले. मध्ये एकदा तिने मान वळवली तेव्हा घाईने घड्याळाकडे बघितलं.

जानराव येऊन शेजारी बसला. मग वाकून माझ्या तोंडाकडे बघितलं. म्हणाला, ताई, तुई तब्येत तं बरी हाय ना?

अजून चार मिनिटं बाकी होती. उत्तर दिलं नाही.